‘संशोधनातून सिद्ध’ म्हणजे नेमके काय? व्यायाम, आहार आणि आरोग्याच्या बातम्या अशा वाचा

देहू : पहाटे इंद्रायणीच्या घाटाकडे फिरायला निघालेले ज्येष्ठ आणि त्याच वेळी पहिल्या पाळीच्या कंपनी बससाठी उभे असलेले तरुण, दोघांच्याही मोबाइलवर साधारण सारखेच संदेश येत असतात. ‘रोज दहा हजार पावले चाला.’ ‘दिवसातून दोनदाच जेवा.’ ‘सोळा तास उपाशी राहा.’ आणि लगेच पुढचा संदेश, ‘असे उपाशी राहिल्याने हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्क्यांनी वाढतो.’ सगळ्यांच्या सुरुवातीला शब्द एकच : ‘संशोधनातून सिद्ध’.

गोंधळ डोक्यापुरता राहिला तर फारसे बिघडत नाही. पण मधुमेहाच्या गोळ्या सुरू असलेला माणूस असा संदेश वाचून जेवणाची वेळ बदलतो किंवा गोळीच बंद करतो, तेव्हा प्रश्न जिवावर बेततो. अशा माणसांची संख्याही लहान नाही. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासात १ लाख १३ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

संशोधन खोटे असते असे नाही. एखादा अभ्यास जेवढे सांगतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त त्याच्या नावावर खपवले जाते. हा फरक ओळखायचा कसा, ते समजून घेऊया.

वारीमुळे प्रकृती चांगली, की प्रकृती चांगली म्हणून वारी?

समजा, ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघताना एखाद्या संशोधकाने एक हजार वारकऱ्यांची साखर आणि रक्तदाब तपासला. त्याच वयाच्या, पण घरी राहिलेल्या एक हजार लोकांचीही तपासणी केली. वारकऱ्यांचे आकडे चांगले निघाले. दुसऱ्या दिवशी मथळा तयार : ‘वारी करा, मधुमेह टाळा’.

पण यात एक अडचण आहे. ज्यांचे गुडघे गेले आहेत, ज्यांना धाप लागते, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, ते पंढरपूरपर्यंतच्या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर निघणारच नाहीत. म्हणजे दोन गट मुळातच सारखे नव्हते. चालण्याने प्रकृती सुधारत असेलही, पण या तपासणीतून ते सिद्ध होत नाही.

हा पेच खरोखरच्या संशोधनातही आला होता. ब्रिटनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस आणि इतर वाहतूक सेवांतील सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असतो आणि वाहक जिने चढ-उतार करतो. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. व्यायाम आणि हृदय यांचे नाते दाखवणारा हा सुरुवातीचा मोठा अभ्यास मानला जातो.

मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या. तरुण वयापासूनच चालकांच्या कंबरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा असल्याचे त्यात दिसले. १९५६ मध्ये त्यांनी हेही प्रसिद्ध केले. म्हणजे दोन गटांतला फरक फक्त जिन्यांमुळे पडला नसावा, अशी शंका त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर घेतली. पुढे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी तपासल्यावरही व्यायामाचा फायदा दिसत राहिला, म्हणून आज तो मान्य आहे. पहिल्याच अभ्यासाने तो ‘सिद्ध’ झाला नव्हता.

चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्याला हे पटकन पटेल. नवे कटिंग ऑइल चांगले की जुने, हे ठरवायचे असेल तर नवे ऑइल नव्या मशीनवर आणि जुने ऑइल जुन्या मशीनवर वापरून चालत नाही. मशीन सारखी हवीत. माणसांच्या बाबतीत यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात. कोण कुठल्या गटात जाणार हे नशिबावर सोडले, की वय, सवयी, आजार दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात. त्यानंतर फरक दिसला तर तो उपायामुळे आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

म्हणून बातमीत पहिल्यांदा हे पाहावे : लोकांचे नुसते निरीक्षण केले होते, की गट पाडून प्रयोग केला होता?

दहा हजार पावले आली कुठून?

मोबाइल आणि स्मार्ट वॉचमधला हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’. आकडा पूर्णांकी होता, लक्षात राहणारा होता आणि तो टिकला.

प्रत्यक्ष मोजमाप बरेच नंतर झाले. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ महिलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या महिलांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. पावले वाढली तसा फायदा वाढला, पण साधारण ७,५०० नंतर तो फारसा वाढला नाही. २०२२ मध्ये १५ अभ्यासांतील ४७ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. साठीच्या पुढे ६ ते ८ हजार आणि साठीच्या आत ८ ते १० हजार पावलांपर्यंत फायदा वाढत असल्याचे त्यात दिसले.

हेही निरीक्षणच आहे. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, ही शंका इथेही पूर्ण जात नाही. तरी त्यातून एक उपयोगी गोष्ट कळते. जो दिवसाला तीन हजार पावलेच चालतो, त्याने पाच हजार गाठणे ही मोठी कमाई आहे. ‘दहा हजार होत नाहीत, मग कशाला चालायचे’ असा विचार करून घरी बसणाऱ्याचे मात्र नुकसान होते.

‘लाइनवर दिवसभर उभाच असतो, आणखी व्यायाम कशाला?’

तळवडे, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो. आठ तास उभे राहणे, माल उचलणे, चढ-उतार. हा व्यायामच नाही का?

डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या १ लाख ४ हजार लोकांवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दहा वर्षे या लोकांच्या आरोग्याच्या नोंदी पाहण्यात आल्या. मोकळ्या वेळेत जास्त हालचाल करणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि मृत्यू कमी दिसले. कामाच्या ठिकाणी जास्त अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये मात्र धोका उलट जास्त दिसला.

यावर अभ्यासकांत वाद आहे. एक बाजू म्हणते, की फिरताना माणूस थोडा वेळ वेगाने हालचाल करतो आणि मग विश्रांती घेतो. कामावर तीच हालचाल तासन्‌तास होते, विश्रांती स्वतःच्या हातात नसते आणि रक्तदाब बराच वेळ चढलेला राहतो. दुसरी बाजू म्हणते, की अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांचे उत्पन्न, झोप, तंबाखू, उपचारांची सोय हे सगळेच वेगळे असते. हिशेबातून हे फरक वजा करण्याचा प्रयत्न होतो, पण ते पूर्ण वजा होत नाहीत.

त्यामुळे ‘कष्टाने हृदय बिघडते’ असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. ‘कामावर व्यायाम होतोच’ असे धरून चालणेही तेवढेच घाईचे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला असा आहे : प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी, उदाहरणार्थ भरभर चालणे. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. एका वेळी किमान दहा मिनिटे व्यायाम झालाच पाहिजे, ही जुनी अटही काढण्यात आली आहे. सुट्टीच्या दिवशी भंडारा डोंगर चढलात तर तो हिशेबात धरा, आणि बसथांब्यापासून घरापर्यंत भरभर चाललात तर तेही धरा.

दोनदा जेवायचे, की दर दोन तासांनी?

‘दीक्षित की दिवेकर?’ या प्रश्नाने काही वर्षांपूर्वी मराठी घरांत जेवणाच्या ताटावरच गट पाडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली पद्धत लोकांपर्यंत नेली. कडाडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर घरच्या, स्थानिक अन्नावर आणि थोड्या थोड्या वेळाने थोडे खाण्यावर. दोन्हीकडून ‘माझे इतके किलो कमी झाले’ असे अनुभव आले.

अनुभव खरे असू शकतात. पण ज्यांचे वजन उतरले नाही किंवा ज्यांनी पद्धत मध्येच सोडली, ते सहसा फोटो टाकत नाहीत. शिवाय नवी पद्धत सुरू करणारा माणूस त्याच वेळी चालायला लागतो आणि बेकरीचे पदार्थ सोडतो. मग फरक नेमका कशाने पडला?

या प्रश्नाच्या जवळचा एक प्रयोग चेक प्रजासत्ताकातील प्राग शहरात झाला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. टाइप-२ मधुमेह असलेल्या ५४ जणांनी १२ आठवडे दिवसातून दोनदा आणि १२ आठवडे सहा वेळा थोडे थोडे असे दोन्ही प्रकारे खाल्ले. उष्मांक दोन्ही वेळा सारखेच आणि गरजेपेक्षा कमी ठेवले होते. दोनदा जेवताना सरासरी ३.७ किलो, तर सहा वेळा खाताना २.३ किलो वजन उतरले.

म्हणजे ‘दोनदा’ जिंकले? थोडे थांबा. वजन दोन्ही प्रकारांत उतरले. हे दोन जेवणांचे वेळापत्रक म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होते, रात्रीचे जेवण नव्हतेच. आपल्याकडे मात्र ‘दोनदा’ म्हणजे बहुतेक घरांत दुपार आणि रात्र. तेव्हा हा प्रयोग जसाच्या तसा लागू होत नाही.

ठरावीक तासांतच खाण्याबाबतही असेच. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी सारखेच कमी खाल्ले, पण एका गटाने ते सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाल्ले. त्यांचे वजन सरासरी ८ किलोने, तर वेळेचे बंधन नसलेल्या गटाचे ६.३ किलोने उतरले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे आकडेशास्त्राचे उत्तर आले. एकूण खाणे कमी झाले की वजन उतरते. वेळ पाळणे ही त्यासाठी कुणाला सोपी वाटणारी एक युक्ती आहे, त्यापेक्षा मोठा दावा करायला हा पुरावा पुरत नाही.

देहूत एकादशी पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. दोन वाट्या साबुदाणा खिचडी आणि वर बटाट्याचा चिवडा खाल्ला, तर त्याला प्रयोगातल्या ‘उपवासा’चे निष्कर्ष लावता येत नाहीत.

९१ टक्के म्हणजे किती माणसे?

आता त्या घाबरवणाऱ्या आकड्याकडे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत ही मांडणी झाली आणि त्याच दिवसांत तिच्या बातम्या जगभर गेल्या. पूर्ण शोधनिबंध तेव्हा प्रसिद्धही झालेला नव्हता. सुमारे २० हजार अमेरिकी प्रौढांच्या जुन्या नोंदींत, आठ तासांच्या आत खाणे आटोपणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका १२ ते १६ तासांत खाणाऱ्यांपेक्षा ९१ टक्क्यांनी जास्त दिसला.

या लोकांना फक्त दोन दिवसांचे खाणे विचारले होते. त्यावरून पुढच्या अनेक वर्षांची सवय गृहीत धरली गेली. शिवाय आठ तासांतच खाणारे सगळे ‘डाएट’वर होते असे नाही. आजारपणाने भूक मेलेले किंवा कामामुळे जेवण चुकणारेही त्यात असू शकतात. वारीच्या उदाहरणातली तीच अडचण इथे आहे.

दुसरा मुद्दा टक्केवारीचा. हजारात एकाला असलेला धोका दोघांना झाला, तर ‘धोका १०० टक्क्यांनी वाढला’ असे म्हणता येते आणि ‘हजारात एक माणूस वाढला’ असेही म्हणता येते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. मथळा मात्र पहिल्याचाच होतो.

चांगल्या बातमीलाही हाच नियम लावून पाहू. भारतातच झालेल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांचे चार गट पाडले होते. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. चालणे-फिरणे आणि आहार यांवर सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण १०० पैकी सुमारे ३९ होते. मथळ्यात याला ‘धोका २८ टक्क्यांनी घटला’ म्हणता येते. साध्या भाषेत सांगायचे तर दर सहा-सात जणांनी सवयी बदलल्या, तर तीन वर्षांत त्यातल्या एकाचा मधुमेह टळला.

हा फायदा मोठा आहे. गट पाडून, भारतीय लोकांवर मोजलेला आहे. आणि तो कुठल्याही चमत्कारी आहाराने मिळालेला नाही.

पंधरा जण आणि चॉकलेट

२०१५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम एक कमकुवत प्रयोग जर्मनीत घडवून आणला. १५ जणांचे तीन गट केले आणि तीन आठवडे वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशी १८ मोजमापे घेतली. ‘रोज चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरते’ असा निष्कर्ष छापून आणला आणि अनेक देशांतल्या माध्यमांनी तो उचलला. नंतर त्यांनी स्वतःच हा सापळा असल्याचे जाहीर केले.

यामागची युक्ती साध्या गणिताची आहे. प्रत्येक मोजमापात योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के धरली आणि मोजमापे एकमेकांपासून स्वतंत्र मानली, तर १८ पैकी किमान एकात तरी असा खोटा फरक दिसण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होते. जे जुळले ते छापायचे, बाकीचे सोडून द्यायचे.

लहान अभ्यास नेहमीच टाकाऊ असतो असे नाही. रात्रपाळीबाबत २०२१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १९ निरोगी तरुण होते आणि त्यांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखे वेळापत्रक दिले होते. रात्रीही खाणाऱ्यांच्या रक्तातील साखरेची सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. जे रात्री जागले, पण दिवसाच जेवले, त्यांच्यात लक्षणीय वाढ दिसली नाही. रात्रपाळीच्या कामगारासाठी हा महत्त्वाचा धागा आहे. पण १९ जण, प्रयोगशाळा, मोजके दिवस आणि मधुमेह नसलेले तरुण, एवढ्यावरून पन्नाशीच्या मधुमेही कामगाराने रात्रीचा डबा बंद करायचा ठरवले, तर ते धोक्याचे ठरू शकते.

अभ्यास कोणावर झाला?

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण पुण्यातलेच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातले वजन, २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा सारखाच, शरीर वेगळे.

याची मुळे जन्माआधीच सापडतात, असे याज्ञिक यांच्या गटाचे काम सांगते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात, तर जागतिक मर्यादा २५ आहे. पोटाच्या घेरासाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली जाते.

थोडक्यात, युरोप-अमेरिकेतला आकडा जसाच्या तसा उचलला तर ‘मी तर बारीक आहे’ असे समजणारा देहूतला माणूस तपासणीच टाळू शकतो.

पुढचा संदेश आला की हे विचारा

• नुसते निरीक्षण होते, की चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते?
• किती जणांवर आणि किती काळ?
• ते लोक वय, आजार, काम आणि आहाराने तुमच्यासारखे होते का?
• तुलना कशाशी केली? एका गटाने कमी खाल्ले आणि दुसऱ्याने नाही, असे तर नव्हते ना?
• ‘इतके टक्के’ म्हणजे शंभरात किंवा हजारात किती माणसे?
• हा एकच अभ्यास आहे, की आधीच्या अनेक अभ्यासांशी जुळणारा आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. नियमित चालणे, तंबाखू सोडणे, मीठ-साखर आणि तळलेले कमी करणे, डाळी-भाज्या वाढवणे, पुरेशी झोप. हे सल्ले वर्षानुवर्षे फारसे बदललेले नाहीत. एका दिवसात जगाला धक्का देणारा निष्कर्ष आला, तर तो पुन्हा तपासला जाईपर्यंत थांबायला हरकत नसते.

एक गोष्ट मात्र थांबवू नये. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी बातमी वाचून बंद करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असताना जेवण टाळले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. असे झाल्यास माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे. एकादशी असो, वारी असो किंवा नवे डाएट, जेवणाची वेळ बदलण्याआधी गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी.